झिरोचा बल्ब, चोकची पट्टी आणि गोव्याचा पावसाळा: घरातले सगळे दिवे एलईडी करताना

आमच्या घरात सर्वांत जास्त वीज खाणारा दिवा निघाला देवघरातला झिरोचा लाल बल्ब. तारेच्या जुन्या झिरो बल्बला प्रत्यक्षात १२ ते १५ वॅट लागतात आणि तो रात्रंदिवस चालू असतो. १५ वॅट गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, भागिले १०००: महिन्याला १०.८ युनिट. सोप्यावरचा (पुढच्या ओसरीतला) ६० वॅटचा पिवळा बल्ब, ज्याच्याकडे घरातले सगळे बोट दाखवत होते, तो संध्याकाळचे पाच तास जळून ९ युनिट घेत होता. त्यामुळे दिवे बदलायला घेताना आधी तास मोजावेत आणि मग वॅट बघावेत, असे माझे पक्के मत झाले आहे. देवघर असो, शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या आल्तारासमोरचा लाल दिवा असो की जिन्यावरचा रात्रीचा बल्ब, सतत चालणारा दिवा सर्वांत आधी बदलावा. त्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी झिरो लावला की महिन्याचा खर्च ०.३६ युनिटवर येतो.

घर फोंडा तालुक्यातले, कौलारू. पुढे सोपा, मध्ये राजांगण (उघडा चौक), मागे स्वयंपाकघर, आणि नंतर बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. काम सुरू करण्याआधी एका वहीत प्रत्येक दिव्यापुढे चार गोष्टी लिहून काढल्या: जागा, होल्डर पिनचा की आट्यांचा, वॅट, आणि रोजचे तास. ट्यूबलाईटच्या बाबतीत इथेच गफलत होते. ट्यूबवर ३६ वॅट छापलेले असते, पण पट्टीतला जुना तांब्याचा चोक (ट्यूबला जाणारी वीज आवरणारे वेटोळे) स्वतः १२ ते १४ वॅट घेतो. म्हणजे पट्टी ५० वॅटची धरायची. स्वयंपाकघरातली पट्टी सहा तास, ९ युनिट. बैठकीतली पाच तास, ७.५ युनिट. दोन खोल्यांतले १५ वॅटचे सीएफएल तीन-तीन तास, मिळून २.७. न्हाणीघर आणि संडासातले ६० वॅटचे बल्ब एकेक तास, ३.६. फाटकावरचा २३ वॅटचा सीएफएल तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत अकरा तास, ७.६. सोपा आणि देवघर धरून सगळे मिळून महिन्याला सुमारे ५० युनिट. बदलानंतरचा हिशेब त्याच वहीत मांडला तेव्हा तो १४ युनिटच्या आसपास आला. ३६ युनिट वाचले, आणि त्यातले १० एकट्या देवघरातले.

हा कागदावरचा हिशेब खरा की खोटा हे मीटरवरच तपासता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेले असते. समजा ३२०० छापले आहे. घरातले सगळे बंद करायचे, फ्रिजचा प्लग काढायचा, इन्व्हर्टरचाही काढायचा (तो बॅटरी भरत असला तर सगळा हिशेब चुकतो), आणि तपासायचा तेवढाच दिवा चालू ठेवायचा. १५ वॅटला दर ७५ सेकंदांनी एक ठोका पडतो, ६० वॅटला साधारण १९ सेकंदांनी, चोकच्या ट्यूबला साडेबावीस सेकंदांनी. २० वॅटची एलईडी पट्टी बसवल्यावर तोच ठोका ५६ सेकंदांवर जातो. सगळे बंद असतानाही ठोके पडत राहिले तर कुठेतरी वीज झिरपते आहे असे समजावे आणि दिव्यांआधी ते शोधावे. जुन्या घरात लाकडी केसिंगमधल्या, कापडी आवरणाच्या वायरी असतील तर पावसाळ्यात हे हमखास आढळते.

गोव्यात घरगुती वापराचे दर टप्प्यांनी चढतात, पहिल्या शंभर युनिटना कमी आणि पुढच्या प्रत्येक शंभराला जास्त. त्यामुळे वाचलेले युनिट वजा होतात ते सर्वांत वरच्या, महाग टप्प्यातून. सरासरी दराने काढलेला फायदा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. पण अपेक्षाही बेताची ठेवावी. ७५ वॅटचा जुना पंखा दिवसाला बारा तास फिरला की २७ युनिट जातात. ज्या घरात चार पंखे आणि एसी आहे तिथे नुसते दिवे बदलून बिल अर्धे होणार नाही.

खरेदीला गेल्यावर दुकानदार वॅटने बोलतो, आपण लुमेनने, म्हणजे उजेडाच्या मापाने बोलावे. ६० वॅटच्या जुन्या बल्बचा उजेड ७०० ते ८०० लुमेन असतो, ९ वॅटचा चांगला एलईडी ९०० च्या आसपास देतो. खोक्यावर लुमेनचा आकडाच नसेल तर तो बल्ब घेऊ नये. दुसरी खूण म्हणजे बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का, त्याच्याजवळ आयएस १६१०२ हा मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक. तिसरी खूण बीईईच्या (ऊर्जा दक्षता ब्युरोच्या) ताऱ्यांची. २०१८ पासून एलईडी बल्बवर हे लेबल सक्तीचे आहे आणि तारे दर वॅटमागे किती लुमेन मिळतात यावर ठरतात. बाजारच्या दिवशी जमिनीवर ढीग लावून विकतात त्या बल्बांवर यातले एकही नसते. त्यांच्या आत बहुतेक वेळा नीट ड्रायव्हरच, म्हणजे घरची वीज एलईडीला सोसेल अशी करून देणारे सर्किटच नसते. एक कपॅसिटर, चार डायोड आणि एलईडीची पाटी एवढेच. ते लुकलुकतात, पहिल्याच गडगडाटात जातात, आणि टोपण सैल झाले तर आतली उघडी वीज हाताला लागते.

५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या उजाला योजनेतून देशभर ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले, आणि ९ वॅट हेच घरोघरी माप होऊन बसले. पण प्रत्येक जागेला ९ वॅट लागत नाहीत. न्हाणीघराला ७, जिन्याला ५, कपाटापुढे ३ पुरतात.

रंगाबाबत मी आग्रही आहे. गोव्यातल्या दुकानात काही न सांगता बल्ब मागितला तर ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप), निळसर पांढराच हातात पडतो. सोप्यावर, देवघरात, झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर घ्यावा. लाकडी खांब, लाल कोबा, पितळेची समई, सगळे त्यात नीट दिसते. स्वयंपाकघरात आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० चा बरा. स्वयंपाकघरात आणखी एक आकडा बघावा लागतो: सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचे माप. स्वस्त एलईडीत तांबड्याचा भाग कमी पडतो. बांगड्याचे कल्ले उघडून बघताना ताजा लाल कल्लाही अशा उजेडात तपकिरी दिसतो आणि मासळीवर उगाच संशय येतो. सीआरआय ९० किंवा जास्त असलेली पट्टी ओट्यावर लावली की हा घोळ संपतो. ओट्यासाठी मोठ्या पट्टीपेक्षा फळीच्या खालच्या बाजूला दोन फुटी १० वॅटची पट्टी जास्त कामाची. मोठी पट्टी पाठीमागच्या भिंतीवर असेल तर कापणाऱ्याची सावली नेमकी विळीवर पडते.

उजेडाची दिशा हा भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तारेचा बल्ब चहूकडे उजेड फेकतो. एलईडी बल्बचा खालचा अर्धा भाग म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी बैठक, त्यामुळे उजेड पुढच्या अर्ध्या बाजूलाच जातो. लटकत्या होल्डरमध्ये हे सोयीचे ठरते: कौलांकडे वाया जाणारा उजेड खाली येतो आणि माळा नसलेल्या उंच खोलीत फरक लगेच जाणवतो. पण भिंतीवरच्या अँगल होल्डरमध्ये तोच बल्ब समोरच्या भिंतीवर झोत टाकतो आणि खालची जमीन अंधारात राहते. ‘एलईडीला उजेडच नाही’ ही तक्रार ऐकली की मी आधी होल्डर बघतो. अशा ठिकाणी होल्डर खाली वळवावा, नाहीतर एलईडी फिलामेंटचा काचेचा बल्ब घ्यावा, तो जुन्यासारखाच सगळीकडे उजळतो.

आता प्रत्यक्ष काम. बल्ब फिरवून काढला की आधी होल्डर तपासायचा. पिनच्या होल्डरमध्ये स्प्रिंगवरच्या दोन पितळी पिना असतात. वर्षानुवर्षे ६० वॅटच्या उष्णतेने बेकलाईट तडकलेले असते आणि स्प्रिंग मऊ पडलेली असते. पिन बोटाने (अर्थात मेन बंद करून) दाबली आणि ती जोरात परत आली नाही, किंवा तिच्या टोकावर काळा खड्डा दिसला, तर होल्डरच बदलावा. तारेच्या बल्बला थोडी ठिणगी चालत असे. एलईडीचा ड्रायव्हर त्याच ठिणगीने महिन्या-दोन महिन्यांत मरतो आणि दोष बल्बला लागतो. मोरजी, कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो. तिथे होल्डर दर दोन-तीन वर्षांनी बदलणे हेच बरे, घासून काही दिवसच निभते.

होल्डर उघडण्याआधी मेन स्वीच बंद करावा, नुसते बटण नव्हे. कारण जुन्या घरांत पुष्कळदा बटण न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या वायरीवर) बसवलेले असते आणि फेज (वीज आणणारी वायर) थेट होल्डरपर्यंत आलेला असतो. हे ओळखायला सोपे आहे. मेन चालू, त्या दिव्याचे बटण बंद, बल्ब काढलेला. मग टेस्टर एकेका पिनेला लावायचा. टेस्टर पेटला तर फेज उघडा आहे. वायरमनला सांगून बोर्डातली वायर बदलून घ्यावी. काम किरकोळ आहे, पण ते झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एलईडी लावल्यावर अनेक घरांत एक गोष्ट दिसते: बटण बंद केले तरी रात्री बल्ब मंद पेटलेला राहतो, किंवा काही सेकंदांनी एकदा लुकलुकतो. बल्ब खराब नसतो. एलईडीला पेटायला इतकी थोडी वीज लागते की जी गळती तारेच्या बल्बला जाणवतही नसे तिच्यावर तो उजळतो. कारणे तीन. पहिले वरचेच, बटण न्यूट्रलवर असणे. दुसरे, बटणातला इंडिकेटरचा छोटा लाल दिवा. त्याची वीज बल्बमधूनच जाते. इंडिकेटर नसलेले बटण लावले की प्रश्न सुटतो. तिसरे, जिन्याची दुहेरी बटणे. वर-खाली दोन बटणांमध्ये लांबवर समांतर वायरी गेलेल्या असतात आणि चालू वायरीमुळे बंद वायरीत थोडा दाब उतरतो. यावर उपाय म्हणजे होल्डरच्या दोन टोकांना समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा, एक्स-टू वर्गाचा कपॅसिटर. गळतीची वीज त्यातून निघून जाते आणि बल्ब पूर्ण विझतो. कपॅसिटर त्याच वर्गाचा असावा. पंख्याचा किंवा रेडिओतला कसलाही कपॅसिटर तिथे लावू नये.

बैठकीत दिव्याला जुना गोल रेग्युलेटर असेल तर साधा एलईडी त्यावर चालत नाही, फडफडतो आणि लवकर जातो. रेग्युलेटर काढून सरळ बटण करावे किंवा खोक्यावर ‘डिमेबल’ (उजेड कमी-जास्त करता येणारा) लिहिलेला बल्ब घ्यावा.

ट्यूबलाईटचे तीन मार्ग आहेत. दुकानात सर्वांत सोपा म्हणून सांगतात तो म्हणजे जुन्या पट्टीत चोक तसाच ठेवून, स्टार्टरच्या जागी डमी घालून एलईडी ट्यूब बसवणे. यात चोक उरतो, थोडी वीज खातो, गुणगुणतो, आणि तो जळाला की ट्यूबही बंद. दुसरा, चोक आणि स्टार्टर दोन्ही काढून ट्यूबला थेट वीज देणे. यात जपावे लागते, कारण एलईडी ट्यूब दोन जातींच्या असतात आणि बाहेरून सारख्याच दिसतात. एका जातीत फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाच्या दोन पिनांना येतात. दुसरीत एका टोकाला फेज, दुसऱ्याला न्यूट्रल, आणि प्रत्येक टोकाच्या दोन पिना आतून जोडलेल्या. दुसऱ्या जातीची ट्यूब पहिल्या वायरिंगमध्ये बसवली तर थेट शॉर्ट. शिवाय तिचे एक टोक आधी बसले आणि दुसरे हातात राहिले, तर त्या उघड्या पिनांवर वीज असू शकते. स्टुलावर उभ्या माणसाला ते महागात पडते. हा मार्ग घेतलाच तर एका टोकाची जात निवडावी आणि पट्टीवर ठळक लिहून ठेवावे: ‘चोक काढला आहे, फक्त एलईडी, सप्लाय या बाजूला’. आपल्यानंतर कोणी साधी ट्यूब घालायला जाईल त्याच्यासाठी हे आवश्यक आहे.

आम्ही तिसरा मार्ग धरला: पट्टी उतरवून तिच्या जागी चार फुटी २० वॅटची एलईडी पट्टी. तिचा उजेड साधारण २००० लुमेन. लिहिलेला आकडा ट्यूबपेक्षा कमी असला तरी ट्यूबचा अर्धा उजेड वर पट्टीवर आणि छतावर जातो, म्हणून खाली फरक जाणवत नाही. नवी पट्टी हलकी असते, दोन क्लिपांवर बसते. पण जुन्या घराच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर चुन्याचे किंवा मातीचे गिलाव असते, त्यात सोबत आलेले पाऊण इंची स्क्रू धरत नाहीत. ८ मिलिमीटरचा गट्टू आणि दोन इंची स्क्रू घ्यावेत, किंवा वाशावर सरळ लाकडात स्क्रू मारावा. वायर जोडताना पीळ देऊन टेप गुंडाळू नये. जून-जुलैच्या दमटपणात टेपचा डिंक सुटतो. स्क्रूचा छोटा कनेक्टर वापरावा. उतरवलेला चोक टाकू नये. आत तांबे असेल तर भंगारवाला वजनाने पैसे देतो. घरात एखादी ट्यूब अजून चांगली चालत असेल तर चालू द्यावी, पण नवी पट्टी मात्र ट्यूबची घेऊ नये. पाऱ्याला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ मध्ये फ्लुओरोसंट दिव्यांचे (ट्यूब आणि सीएफएलचे) उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत थांबवायचे ठरवले आहे, आणि भारत त्या कराराचा सदस्य आहे.

बंद काचेचे गोळे आणि हंड्या हे एलईडीच्या अकाली मरणाचे मोठे कारण. खोक्यावर लिहिलेले २५,००० तास एलईडीच्या दाण्यांचे असतात आणि तेवढ्या तासांनीही उजेड ७० टक्क्यांपर्यंत टिकेल एवढाच त्याचा अर्थ. रोज पाच तासांनी ते तेरा वर्षांहून जास्त होतात. प्रत्यक्षात आधी जातो तो ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरमध्ये आधी जातो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. दर १० अंश तापमानवाढीला त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. मेलेल्या बल्बचे प्लास्टिकचे टोपण काढून बघितले तर हे डोळ्यांना दिसते: नळीच्या आकाराच्या त्या कपॅसिटरचे सपाट डोके फुगलेले असते, कधी फुटून तपकिरी ओल बाहेर आलेली असते. एलईडीच्या पाटीवर एखाद्या पिवळ्या दाण्यात मधोमध काळा ठिपका दिसला तर मात्र तो दाणा जळालेला आहे, आणि दाणे एकामागून एक जोडलेले असल्यामुळे एका दाण्याने सगळा बल्ब बंद. म्हणून बंद गोळ्यात ९ चा न लावता ५ चा लावावा, किंवा गोळ्याचे तोंड खाली उघडे राहील असा घ्यावा. आमच्या राजांगणाभोवतीच्या हंड्यांत ५ वॅटचे फिलामेंट एलईडी आहेत.

बाहेरच्या दिव्यांची परीक्षा पावसाळ्यात होते. फाटकावर आणि मागच्या दारी साधा होल्डर-बल्ब नको, आयपी ६५ चे (धूळ-पाणी आत न येऊ देणारे) बंद बल्कहेड, म्हणजे झाकणाचा भिंतीवरचा दिवा घ्यावा. तेही नीट बसवले नाही तर उपयोग नाही. वायर वरून आत शिरली तर पाणी वायरीच्या अंगावरून उतरून थेट आत जाते. वायर खालून आत न्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते. वायरीचे भोक रबरी ग्रोमेट आणि सिलिकॉनने बुजवावे. नाहीतर पाण्याच्या आधी मुंग्या शिरतात, त्यांच्यामागे पाली. पावसात घरचा ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्वीच) वारंवार पडत असेल तर संशय आधी फाटकावरच्या दिव्यावर घ्यावा. फाटकासाठी ९ वॅटचा पिवळसर बल्कहेड पुरतो. अकरा तासांचे मिळून महिन्याला ३ युनिट होतात, आमच्या वाटेला वळण असल्यामुळे १२ चा लावला आहे आणि ४ होतात. पिवळसर म्हणण्याचे आणखी एक कारण: पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरे उठतात तेव्हा ती निळसर दिव्यावर जास्त झेपावतात. पिवळ्यावर येतच नाहीत असे नाही, पण सकाळी झाडायचा पंखांचा ढीग खूपच लहान असतो.

व्होल्टेजबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. खांबावरून येणाऱ्या वायरींवर माडाचे चुडत पडते, वारा सुटला की फांद्या घासतात. याने दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. एक, विजेच्या कडकडाटाने किंवा लाईन परत येताना बसणारा क्षणाचा झटका. त्यासाठी मेन बोर्डावर टाईप-टू सर्ज प्रोटेक्शन बसवता येते. पण ते झटका जमिनीत उतरवते, त्यामुळे अर्थिंग चांगले नसेल तर ते नुसतेच शोभेचे. गोव्याची चिऱ्याची जमीन वीज सहजी घेत नाही आणि मे महिन्यात ती कोरडी ठणठणीत असते, नेमके मान्सूनपूर्व गडगडाटाच्या वेळी. मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतावे. दुसरी गोष्ट जास्त वाईट: खांबावर न्यूट्रल तुटणे. मग घरातला दाब २३० वरून भलतीकडे, ४०० च्या जवळही जाऊ शकतो, आणि तो क्षणभर नसतो, टिकून राहतो. सर्ज प्रोटेक्शन त्याला रोखत नाही. ओळखायची खूण अशी: सोप्यावरचे दिवे एकदम भगभगतात किंवा मंदावतात, पंख्याचा आवाज बदलतो, शेजारच्या घरी नेमके उलटे होते. तसे दिसताच मेन स्वीच पाडावा आणि वीजतक्रारीच्या १९१२ वर फोन करावा. यासाठी ओव्हर-व्होल्टेज रिले मिळतो, २७० च्या आसपास लाईन तोडणारा. सगळ्या घराचे दिवे एलईडी केल्यावर तो बसवणे फायद्याचेच, कारण आता प्रत्येक दिव्यात एक छोटे सर्किट आहे. बल्ब घेताना १०० ते ३०० व्होल्टवर चालणारा घ्यावा. मे महिन्यातल्या रात्री सगळ्या वाड्याचे एसी चालू झाले की दाब उतरतो, तेव्हाही तो उजेड कमी करत नाही.

इन्व्हर्टरवर मात्र एलईडीचा फायदा लगेच कळतो. दहा जुन्या बल्बांचे ६०० वॅट होत, तेच आता ९०. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर काही बल्ब गुणगुणतात. घेण्याआधी एक लावून ऐकावा. बॅटरी असलेले इमर्जन्सी बल्ब एका बटणावर दोन लावू नयेत. ते वायरीतून पलीकडे काही जोडलेले आहे का हे जोखतात, आणि दोघे एकमेकांनाच जोखून बटण बंद असतानाही पेटून राहतात.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी तोरणांची खरेदी होते तेव्हा वर सांगितलेल्या सगळ्या खुणा लोक विसरतात. माटोळीवर (गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीवर) लावायच्या माळेची वायर जाड आणि प्लग नीट साच्यातला हवा. माटोळीत ओली पाने, फळे, काटेकणगी, सगळे ओलसर असते, त्यात उघड्या जोडाची माळ गुंडाळू नये. माटोळीतल्या रानफळांचे रंग दाखवायचे असतील तर बदलत्या रंगांच्या माळेपेक्षा वरून सीआरआय ९० चा एक पिवळसर दिवा सोडावा.

काढलेले सीएफएल आणि ट्यूब पंचायतीच्या कचऱ्याच्या पिशवीत जाता कामा नयेत. प्रत्येकात काही मिलिग्रॅम पारा असतो. नव्या बल्बांच्या आणि पट्ट्यांच्या खोक्यांत ते भरून ठेवावेत आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावेत. बंद पडलेले एलईडीही त्यातच. एखादा फुटलाच तर पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात, पंधरा मिनिटे खोलीबाहेर राहावे, मग पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून बारीक भुगा चिकटटेपने उचलावा आणि सगळे झाकणाच्या बरणीत भरावे. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर चालवला तर पारा खोलीभर पसरतो.

बसवलेल्या प्रत्येक बल्बच्या बैठकीवर मार्करने महिना आणि वर्ष लिहावे, बिले एका पाकिटात ठेवावीत. वॉरंटी असते, पण तारीख दाखवता आली तरच ती मिळते. बिलाची तुलना मागच्या महिन्याशी करू नये, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. एप्रिल आणि ऑगस्टमध्ये पंख्यांचाच फरक दिव्यांपेक्षा मोठा असतो.

दोन जुने बल्ब आम्ही बदललेले नाहीत. ओव्हनमधला बदलता येत नाही, तिथल्या उष्णतेत एलईडीचा ड्रायव्हर तग धरणार नाही. आणि माळ्यावरचा ६० वॅटचा, जो आम्ही नारळ काढायला वर चढतो तेव्हाच पाच-दहा मिनिटे लावला जातो. महिन्याला त्याचे पाव युनिटही होत नाही. तो उडेल तेव्हा तिथे ९ चा जाईल.